कातरणीचे दिवस

माणदेशातल्या कोरडवाहू घरांत आमची पिढी वाढली, तेव्हा दारात दहा-वीस मेंढरं आणि चार कोंबड्या नसलेलं घर विरळाच. चार-सहा एकर बाजरी-ज्वारी, तीही पावसाच्या भरवशावर. १९७२च्या दुष्काळात आमच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच पक्कं बसलं होतं : पीक दगा देईल, पण जित्राब जगवलं तर घर जगतं.

उजाडायच्या आत आजी डालगं उचलायची. कोंबड्या थेट मेंढरांच्या वाड्यात शिरायच्या आणि लेंड्या उकरून किडे, गोचीड टिपत बसायच्या. त्यांना वेगळं खाणं असं फारसं लागतच नसे. लेंडीखत शेताला जायचं. कोणी बागायतदार रानात मेंढरं बसवायला बोलवायचा आणि बदल्यात धान्य द्यायचा. अंड्यांचा पैसा मात्र बायकांचा. आठवडी बाजारात अंडी विकून मीठ, काड्यापेटी आणि आमच्या वह्या यायच्या, त्यात पुरुष हात घालत नसत. आमच्यातल्या कितीजणींची शाळा त्या पैशावर टिकली, हे आता कळतं.

कोंबडी खुडूक झाली की आजी पाटीत भुस्सा पसरून तिला अंड्यांवर बसवायची. काही दिवसांनी एकेक अंडं अंधारात कंदिलापुढे धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते परत पाटीत, नाहीतर बाजूला. एकविसाव्या दिवशी आम्ही पोरं सकाळपासून पाटीभोवती. कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की मात्र चार दिवसांत खुराडं ओस पडायचं, आणि आजी दोन वेळा नीट जेवायची नाही.

खरा सण कातरणीचा. वर्षातून दोनदा व्हायची. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुवायची. दुसऱ्या दिवशी एकेकाला आडवं पाडून पाय बांधायचे, आणि आजोबांची लांब पात्यांची कातर पोटाकडून पाठीकडे सरकत जायची. काळी, करडी लोकर घोंगडीवर पडत राहायची. कातडीला चीर गेलीच तर लगेच हळद. कातरलेलं मेंढरू सुटलं की कोकरू क्षणभर आईला ओळखायचं नाही; मग वासावरून सापडायची. कोकराची पहिली लोकर मऊ, ती आजी वेगळ्या गाठोड्यात ठेवायची. आमची दख्खनी मेंढी वर्षाला किलोभरही लोकर देत नाही. म्हणून कुसळं वेचून काढताना एक झुबकाही वाया जात नसे.

पिंजलेल्या लोकरीचं सूत बायका कातायच्या आणि ते सनगराकडे जायचं. तो उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर घोंगडं विणायचा. नवं घोंगडं ताठ, अंगाला टोचणारं. पावसात त्याची खोळ, थंडीत पांघरूण, पाहुणा आला की बैठक, बाळंतिणीच्या खोलीत अंथरूण. धनगरवाड्यातल्या बिरोबापुढे तेच अंथरलं जायचं.

आता आमच्या भागाला टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबं आली. त्याचा आनंदच आहे, तहान आम्ही पाहिली आहे. पण चराऊ रानं आक्रसली. बाजारात मोल मटणाला, त्यामुळे उंच, बाकदार नाकाची माडग्याळी मेंढी पुढे गेली. तिच्या अंगावर लोकर नावालाच. दख्खनी मेंढीच्या लोकरीला कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती बांधावर टाकून देतात. सनगरांची मुलं दुसऱ्या कामाला लागली आणि घरोघरचे माग बुजले.

तुमच्या घरी ट्रंकेत जुनं घोंगडं असेल तर ते बाहेर काढा, कडक उन्हात वाळवा आणि वापरायला घ्या. आणि नवं घ्यायचं झालं तर हातमागावरचं, दख्खनी लोकरीचंच मागा. मागणी असेल तरच माग चालतो.