कप कोन्ता दिधा?

पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं चर्च इतिहासात गाजलं ते प्रार्थनेमुळे नाही, चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि पुण्यातली बरीच मोठी माणसं तिथे जमली. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशींनी (हो, डॉ. आनंदीबाईंचे नवरे) हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतलं, पुढे रानड्यांनीही घेतलं.

शाळेत ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला हसू आलं नव्हतं. आमचं गाव धुळे तालुक्यात. आबांच्या तरुणपणी तिथल्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर, छपराच्या वळचणीला खोचलेली असायची. चहा वरून ओतणार, पिऊन झालं की कप आपणच धुवून परत खोचायचा. पुढे घर बौद्ध झालं, हॉटेल बंद पडलं, पण कोणाकडे जाऊन आलं की आबा अजून विचारतात, “कप कोन्ता दिधा?” आम्ही हसण्यावारी नेतो. ते हसत नाहीत.

माझी रूममेट जळगावची, ख्रिस्ती. एका रविवारी तिच्यासोबत पंचहौदला गेले. हे देऊळ १८८५ सालचं, इंग्रज अँग्लिकन संन्याशांनी उभारलेलं. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. उपासना मराठीत. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, अगदी आमच्या गल्लीतल्या वाटाव्यात अशा.

मग भाकर आणि द्राक्षारस. अँग्लिकन रीतीत सगळे एकाच पेल्याला ओठ लावतात. मी बघतच राहिले. त्या पेल्यासाठी मात्र बाप्तिस्मा लागतो, म्हणून मी बाकावरच बसून होते. दार उघडं असलं तरी आत आणखी एक उंबरठा असतोच. आणि जात तर चर्चच्या आतही शिरते, हे रूममेटनेच मला आधी सांगून ठेवलं होतं. लग्न जुळवताना कळतं, म्हणाली.

बाहेर आल्यावर एका मावशींनी ट्रे पुढे केला. कोण, कुठली, कोणत्या धर्माची, काही नाही. “घे गं, गार होतोय.” एवढंच.

रात्री आबांना फोनवर सांगितलं. नेहमीचा प्रश्न आला. म्हटलं, सगळ्यांचे होते तसलाच, त्याच ट्रेमधला.

आबा थोडा वेळ गप्प. मग त्यांनी विचारलं, कप धुतला कोणी?

म्हटलं, त्याच मावशींनी.