दोन डायलिसिसच्या मधले दिवस

•

आठवड्याचे तास १६८. तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिसला बसणाऱ्याचं रक्त त्यातले १२ तास शुद्ध होतं. आपल्याकडे कित्येकांना दोनच वेळा जमतं. त्यांच्या वाट्याला ८ तास. उरलेल्या तासांत शरीरात पाणी साचतं, पोटॅशियम साचतं, आणि त्याचा भार हृदयाच्या ठेक्यावर येतो. घरात कुणी वडीलधारं डायलिसिसवर असलं की बोलणं मशीनचं, सुयांचं, खर्चाचं होतं. मधल्या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ही टिपणं त्या दिवसांसाठी.

•

रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावं लागतं. हृदयातली विजेची ये-जा त्यावर अवलंबून असते. ते वाढत गेलं की ईसीजीत टी लाट टोकदार होते, पी लाट सपाट होत जाते, क्यूआरएस रुंदावतो. पुढे हृदय मंदावतं, थांबूही शकतं. काही जणांच्या ईसीजीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून रक्ततपासणी टाळून चालत नाही. मशीनवर तेच पोटॅशियम चार तासांत झपाट्यानं खाली येतं. सत्तरीतल्या हृदयाची भिंत आधीच जाड झालेली, झडपांवर आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसलेलं. त्याला चढही सोसत नाही आणि उतारही.

•

२०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्यांना एकदा दोन दिवसांचा खंड पडतोच. त्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकारासाठी दाखल होणं, दोन्ही इतर दिवसांपेक्षा जास्त आढळलं. २०१८ मधल्या दुसऱ्या अभ्यासात अमेरिका आणि भारतातल्या ६६ रुग्णांच्या त्वचेखाली बारीक यंत्र बसवून सहा महिने ठेका नोंदवला होता. गंभीर नोंदींमध्ये भरधाव ठेक्यापेक्षा मंदावलेल्या ठेक्याच्या नोंदी कितीतरी अधिक निघाल्या.

आता आपल्याकडचा हिशोब. सोमवार-गुरुवार असे वार असतील, तर एकदा दोन दिवस मोकळे जातात आणि एकदा तीन. जो खंड तिकडे आठवड्यातून एकदा पडतो, तो इथे दर वेळचा.

•

आपलं कोल्हापूरचं खाणं किडनीच्या आजाराला फार अवघड. गूळ, उसाचा रस, शहाळं यांत पोटॅशियम भरपूर. भाजी किंवा मटण शिजताना त्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून द्यायला सांगतात. रश्शात तेच पाणी वाटीनं प्यायलं जातं. पांढऱ्या रश्शात वर नारळाचं दूध. ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिसवाल्या घरात ते नकोच.

•

उपवासाचं ताट बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, केळी, खजूर. एकूण एक पोटॅशियमचे पदार्थ. निर्जळी उपाशी राहिलं तरी सुटका नाही. इन्सुलिन कमी पडलं की पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या आजींना हे कुणीतरी आधी, हात जोडून, समजावून सांगायला हवं.

•

म्हातारी माणसं ‘छातीत धडधडतंय’ म्हणतीलच असं नाही. ‘पायातलं बळच गेलं’, ‘डोळ्यापुढं अंधारी आली’, ‘उठवत न्हाई’ असं म्हणतात, आणि घरचे ते वयावर ढकलतात. मधल्या दिवशी असं बोलणं कानावर आलं तर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली नस) नसलेल्या हाताची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पन्नासच्या खाली असेल किंवा नेहमीपेक्षा वेडीवाकडी लागत असेल, तर पुढच्या वाराची वाट न बघता दवाखाना गाठावा. नाडी ठीक लागली, पण अशक्तपणा नवाच आणि जास्त असेल, तरी तेच करावं.

•

औषधांची पिशवी दर वेळी सोबत हवी. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि डायलिसिसनं जवळपास निघत नाही. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोन, ओन्डान्सेट्रॉन काही हृदयांचा ठेका बिघडवू शकतात. खोकल्यासाठी, उलटीसाठी गल्लीतल्या मेडिकलमधून गोळी घेताना पहिलं वाक्य एकच असावं: पेशंट डायलिसिसवर आहे.

•

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठेका पूर्ण विस्कळीत होणं. हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताची भीती. एरवी रक्त पातळ करायचं औषध देतात. डायलिसिसच्या रुग्णात रक्तस्रावाचा धोका मुळातच जास्त, मशीनवर हेपरिन मिळतच असतं, आणि वॉरफरिननं रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला हातभार लागतो. नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांना वगळलेलं होतं. त्यामुळे निर्णय माणूस बघूनच घ्यावा लागतो. किडनीचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत ना, हे विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

•

‘आता या वयात कशाला’ असं म्हणणाऱ्यांसाठी. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांच्या यंत्रामुळे १९४५ मध्ये पहिल्यांदा जी रुग्ण वाचली, ती ६७ वर्षांची बाई होती. जयप्रकाश नारायण यांचं मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं ते जगले, आणि १९७७चं सत्तांतर त्याच चार वर्षांतलं. वय झालं म्हणून वार चुकवायचं कारण नाही.

•

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं. थोरल्या दवाखान्यापर्यंत पोचायचं भाडं आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज मात्र घरच्यांच्याच अंगावर. शेताच्या घाईत, लग्नसराईत एखादा वार चुकतो तो बहुतेक यामुळेच.

•

वार चुकवणारं दुसरं कारण पूर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद राहिला. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो. पुरात अडकलेल्याला औषध होडीतून देता येतं. डायलिसिस देता येत नाही. म्हणून मे महिन्यातच प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गावोगावच्या डायलिसिस रुग्णांची यादी तयार असावी: नाव, वार, जवळचं सेंटर, शहरातल्या नातेवाइकाचा फोन. पाणी ३९ फुटांवर आलं की या यादीतली माणसं, आधी सत्तरीपुढची, सेंटरजवळ हलवावीत. यादी करायला एक वही आणि आशाताईंचे दोन दिवस पुरतील.