विश्रांतीचा तास

१९४९ च्या दिवाळीनंतर माझ्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले, आणि नगर जिल्ह्यातील एका मामलेदार कचेरीत जमाबंदीचे दप्तर सांभाळणारा मी, अर्धपगारी रजेचा अर्ज मागे ठेवून, मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात येऊन पडलो. ज्यांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते त्या सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे इस्पितळ उघडले होते. स्ट्रेप्टोमायसिनचे नाव तेव्हा सर्व रोग्यांच्या तोंडी असे. परंतु त्याची किंमत कारकुनाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून माझा उपचार जुन्याच पद्धतीने चालला. मोकळी हवा, दूध-अंडी, आणि बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरणे; म्हणजे रोगी फुप्फुस मिटते, त्यास विसावा मिळतो आणि त्यातील जखम भरून येण्यास अवसर सापडतो. या सर्वांहून मोठे औषध मात्र विश्रांती. दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीचा तास सुरू झाला की वाचन, लेखन, संभाषण सर्व वर्ज्य.

शरीर ही आज्ञा पाळीत असे. मनाला मिटवून ठेवणारी सुई कोणाजवळ नव्हती. रजा संपल्यावर पगार बंद झाला तर घरभाडे कोठून द्यावे, वाण्याची उधारी कशी फेडावी, मुलींची शाळा सुटेल काय, आणि मीच गेलो तर पत्नीने वृद्ध आईसह कोणाच्या दाराशी जावे, हे प्रश्न त्या नि:शब्द तासात एकामागून एक हजर होत. कचेरीतून रजेबाबत खुलासा मागणारा लखोटा आला त्या सायंकाळी थर्मामीटरचा पारा शंभरापलीकडे गेला. डॉक्टरसाहेबांनी तक्त्यावरील ती चढती रेघ पाहिली आणि औषध न बदलता एवढेच विचारले की, घरून काही वार्ता आली आहे काय.

प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन मी बालपणापासून ऐकत आलो होतो. पाखरांचे आणि रानफुलांचे ते दाखले शब्बाथशाळेत मी स्वत: मुलांना शिकविलेही होते. पण खाटेवर उताणे पडून ऐकताना त्यातील एक गोष्ट मला विशेष जाणवली. उद्याचा दिवस निर्वेध जाईल, असे आश्वासन प्रभूने तेथे कोठेही दिलेले नाही. उलट प्रत्येक दिवसाला त्याचे दु:ख आहेच, हे त्याने स्पष्टपणे मान्य केले आहे. फक्त त्या त्या दिवसाचा वाटा त्या त्या दिवशीच उचलावा, एवढे तो सांगतो. मी मात्र पुढील कैक वर्षांची बाकी आजच्याच वसुलात धरून बसलो होतो, आणि कोणत्याही खातेदाराकडून असा वसूल करण्याचा हुकूम कोणत्याही सरकारने आजवर काढलेला नाही.

या बाबतीत माझी आई माझ्याहून फार पुढे होती. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या अनाथ मुली केडगावास आणल्या त्यांपैकी ती एक; पुढे तेथील रमाबाईंच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिने खिळे जुळविले. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथगृहे चालविली, त्यांचा वृत्तांत वाचून रमाबाईंच्या श्रद्धेस बळ आले होते. आणि तरीही, हे मी मुद्दाम नमूद करतो, त्या बाईंनी केडगावच्या माळावर विहिरी खणविल्या, शेती केली, मुलींना हाताचे उद्योग शिकविले. आईची पत्रे या वळणाची असत. घरात आज काय आहे तेवढेच ती लिही: ज्वारी आहे, मंडळीतल्या बायकांनी डाळ दिली, धाकटीचा खोकला थांबला. पुढच्या महिन्याचा उल्लेख तिच्या एकाही पत्रात नसे.

शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडचे एक शिक्षक होते. त्यांची श्रद्धा माझ्याहून दृढ आणि प्रार्थना अधिक निर्मळ होती. तरी फाल्गुनात त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दोन दिवसांत ते प्रभूकडे गेले. देवावर भाव ठेवला म्हणून रोग बरा होतो असे जे सांगतात त्यांना त्या खाटेपाशी उभे राहून काय बोलता आले असते, हे मला समजत नाही. शेवटच्या रात्री त्यांनी पत्नीचे आणि मुलांचे नाव घेऊन त्यांना देवाच्या हाती सोपविले. त्यांचा स्वर कापत होता. भीती त्यांनाही होती. भीती असतानाही सोपविता येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यानंतर विश्रांतीच्या तासाच्या आरंभी मी प्रत्येक काळजीचे नाव घेऊन ती देवापुढे ठेवू लागलो. तिच्यातले जे माझ्या हातचे असे, एखादी सही, एखादे पत्र, ते सायंकाळी करीत असे. उरलेल्याकडे मन पुन्हा धावले तर पुन्हा तेच नाव घेई. कित्येक दुपारी सारा तास यातच जाई, आणि झोप लागे ती घंटेच्या जरा आधी. पारा हळूहळू उतरला. त्याचे श्रेय सुईला किती, दुधाला किती आणि प्रार्थनेला किती, याची वाटणी मी करीत नाही; तिन्ही एकाच हातून आली असे मानतो.

आज मी कचेरीत बैठ्या कामावर रुजू आहे आणि हवा भरून घेण्यासाठी ठरल्या तारखेस मिरजेची गाडी धरतो. माझ्या गैरहजेरीत पत्नीने सुरू केलेले शिवणकाम तिने अद्याप सोडलेले नाही. माझा पगार पूर्ववत झाला तरी सोडणार नाही, असे ती म्हणते, आणि रात्री यंत्र झाकून ठेवल्यावर आम्ही सर्वजण प्रार्थनेस बसतो.