मोशावातील हिवाळा आणि पोपटी

ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांना आठवत असेल की तेथे आपण पावसाची प्रार्थना नेमकी अशा वेळी म्हणत असू, जेव्हा पाऊस कोणालाच नको असे. इस्राएलबाहेरच्या यहुद्यांनी 'ताल उमातार' ही दंव व पाऊस मागण्याची विनंती ४ किंवा ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून म्हणावयाची असते. त्या दिवसांत अलिबागेकडे भात कापून, झोडून झालेला असतो, पेंढा रचलेला असतो, खाचरात वाल नुकता वर आलेला असतो, आणि आभाळात एखादा ढग दिसला तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आमचे आजोबा घाणाही चालवीत आणि थोडी शेतीही करीत. ही विनंती ते जरा हळूच म्हणत. "आपण मागतो तो तिकडच्यासाठी मागतो," असे ते सांगत. तिकडे म्हणजे कोठे, हे आम्हांला त्या वयात कळत नव्हते.

येथे एरेस इस्राएलात हीच विनंती हेश्वान महिन्याच्या ७ तारखेपासून सुरू होते. सुक्कोथच्या यात्रेसाठी यरुशलेमास आलेला यात्रेकरू फरात नदीपर्यंत न भिजता पोहोचावा, म्हणून सणानंतर पंधरा दिवस थांबावयाचे, असे त्याचे कारण देतात. आम्ही उभयता १९६८ साली या लाखीश प्रदेशातील मोशावात आलो, आणि त्या वर्षी प्रथमच ही विनंती म्हणताना आम्हांला खरोखर पाऊस हवा होता. तो आलाही, आणि मग थंडी म्हणजे काय ते समजले.

कोकणातला पाऊस उबदार असतो. चिखलात गुडघाभर उभे राहून लावणी केली तरी अंग गारठत नाही. थंडी येते ती पाऊस संपल्यावर, कोरडी, आणि तिच्यासाठी अंगणात शेकोटी पुरते. येथे दोन्ही एकदम येतात. अलिबागेकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या या भागात साऱ्या वर्षाचा मिळून चारशेच्या आतबाहेर. पण तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि हाडांत शिरतो. घर काँक्रीटचे, जमीन फरशीची, आणि ऊब म्हणून एक रॉकेलची शेगडी. स्वयंपाकाला पतिलिया, म्हणजे वातीचा रॉकेलचा स्टोव्ह. जुन्या मंडळींना त्या वासाची आठवण द्यावयास नको.

त्या हिवाळ्यांत आम्हांला तगविले ते पेजेने आणि कुळथाच्या पिठीने. मुंबईहून कोणी येणार असले की आम्ही साड्या किंवा भांडी मागवीत नसू, कुळीथ मागवीत असू. कुळथाचे पीठ पाण्यात कालवून, लसणाची चरचरीत फोडणी देऊन पातळसर शिजवावयाचे आणि वाफाळत्या भातावर ओतावयाचे. ज्या रात्री हिम पडण्याचा संभव असे, त्या रात्री दोन वाजता उठून पिकावर तुषारांचे पाणी सोडावे लागे, कारण वाहते पाणी गोठताना जी उष्णता सोडते तिने रोप वाचते. शेजारचे लोक परत येऊन कॉफी पीत, आम्ही पिठीचे वाडगे तोंडाला लावीत असू. आले आणि गवती चहा घालून काळा चहाही होई. गवती चहाचे बेट आम्ही पहिल्याच वर्षी न्हाणीघराच्या मागे लावले. ते अजून आहे.

शब्बाथचे गरम जेवण मात्र आम्ही मोरोक्कोच्या शेजारणीकडून शिकलो. शुक्रवारी दुपारी गहू, हरभरे, बटाटे, मांस आणि सालीसकट अंडी एकाच मोठ्या भांड्यात घालून ती ते पतिलियाच्या अगदी मंद वातीवर ठेवी, ते शनिवारी दुपारपर्यंत. सिनेगॉगमधून भिजून परतल्यावर त्या झाकणाखालून येणारी वाफ म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. आम्ही तिच्या हामिनमध्ये हिरवी मिरची आणि आले घातले. तिने चाखून पाहिले, पाण्याचा पेला मागितला, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून दोन मिरच्या मागावयास आली. नारळाचा रस घालून केलेले मटण तिला पटावयास मात्र बरीच वर्षे लागली. ते पांढरे दिसे, म्हणून दूध घातले असावे अशी तिची समजूत. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणूनच तर आपण नारळाचा रस वापरतो, हे आम्ही तिला किती वेळा सांगितले असेल!

हे सारे घरातले झाले. पण कोकणची थंडी घरात बसून खावयाची नसते. त्या दिवसांत तेथे पोपटी लागते, आणि पोपटी शेतातच लागते. ज्या तरुण वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा. त्यावर वालाच्या टच्च भरलेल्या शेंगा, मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, रताळी, कांदे, अंडी आणि मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. शेवटी मडक्याच्या तोंडाशी पाला घट्ट कोंबून मडके जमिनीवर पालथे घालावयाचे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यावयाचे. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे शिजते. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. चुर्र होऊन ते तत्काळ सुकले की पोपटी झाली.

आमच्या घरी ती नेहमी शनिवारी रात्रीच लागे. कारण उघड आहे. गाव आपल्याला शनवार तेली म्हणत असे. शुक्रवारी सूर्य मावळल्यावर घाणा बंद आणि चूलही बंद. शब्बाथ निघाला, हब्दालाची ज्योत पाहिली, की आठवड्यातला पहिला विस्तव पेटावयाचा, तो हिवाळ्यात पोपटीचा असे. एलियाहू हनबीचे नाव घेत आजोबा काडी ओढीत. येथे डिसेंबरात शब्बाथ साडेपाचच्या आतच निघतो आणि पुढे सारी रात्र मोकळी असते. पोपटीला याहून सोयीचा देश कोठे मिळणार?

पण मडके रामल्याच्या बाजारातून आणले तरी भांबुर्डा कोठून आणावा? पावसानंतर येथे रस्त्याच्या कडेला, गोठ्याच्या मागे, सगळीकडे खुबेझा उगवते. १९४८ च्या वेढ्यात यरुशलेमच्या लोकांनी तिचीच भाजी खाऊन दिवस काढले. तिची पाने मऊ आणि रसदार, त्यामुळे मडके करपत नाही. पण वास मुळीच नाही. वासासाठी आम्ही झातार घातला. त्याचा आणि ओव्याचा वास सख्ख्या भावंडांसारखा. रानातला झातार तोडावयास १९७७ पासून बंदी आहे, म्हणून तो आम्ही अंगणातच लावला. जळणाला द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या. आणि वालाच्या शेंगांऐवजी सुरुवातीला फुलच्या हिरव्या शेंगा, कारण हिवाळ्याच्या अखेरीस त्या येथे ढीगभर मिळतात.

फुल सोडावे लागले ते एका मुलामुळे. कुर्दिस्तानहून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांचा धाकटा मुलगा फुल खाऊन एकदा पिवळाफिक्कट पडला, लघवी काळपट झाली, आणि त्याला रात्री इस्पितळात न्यावे लागले. रक्तातील जी-६-पी-डी नावाचे द्रव्य ज्यांना कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी फुल खाल्ल्याने फुटतात. कुर्दिस्तान आणि इराकच्या यहुद्यांत हा दोष पुष्कळ आढळतो. आमच्या घरी ते खाणे झाले नव्हते, तरी आमची पोपटी लागली की तो मुलगा कुंपणापाशी उभा राही आणि त्याची आई त्याला हाताला धरून परत नेई. ते आम्हांला पाहवेना. आमची आई १९७१ साली आली, ती बिर्ड्याच्या सणासाठी वाल बरोबर घेऊन. त्यातले ओंजळभर तिने बाजूला काढले आणि म्हणाली, "हे पेर. पोराला बोलावता येत नसेल तर पोपटी कसली?" डॉक्टरांना विचारून घेतले, त्यांनी वालाला हरकत घेतली नाही.

कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो, वरून पाणी द्यावे लागत नाही. येथे त्या वेळी थंडी त्याला मारून टाकते. म्हणून आम्ही तो ऑगस्टअखेर ठिबकाच्या नळीवर पेरतो. दिवस लहान होऊ लागले की त्याला आपोआप फुले येतात, आणि हानुकापर्यंत शेंगा भरतात. आपल्या पूर्वजांना कोकणात हानुका ठाऊक नव्हता, असे आपण ऐकत आलो आहोत. आमच्या घरी मात्र हानुकातल्या शनिवारी रात्री दिवे, हब्दाला आणि पोपटी असा क्रम गेली पन्नास वर्षे चालत आला आहे. तो कुर्दी मुलगा आता आजोबा झाला आहे. तो अजून येतो, आणि मडके फोडावयाचे की उलटावयाचे यावर दर वर्षी वाद घालतो.

एका वर्षी पोपटी लागली नाही. २०२३ च्या हिवाळ्यात आमची दोन नातवंडे राखीव दलात होती, शेतावरचे थायी मजूर पुष्कळसे मायदेशी गेले होते आणि शहरांतून स्वयंसेवक मदतीस येत होते. बाहेर विस्तव पेटवून जमावे असे कोणालाच सुचले नाही. शेंगा मुलीने कुकरात उकडल्या. शेंगा त्याच, मीठ-ओवा तोच, पण आम्ही त्या ताटात तशाच ठेवल्या. नातवंडे सुखरूप परतली, याबद्दल देवाचे उपकार.

आता जे लिहावयाचे ते जरा अवघड आहे. आमच्या आजोबांचे शेत चार मुलांत वाटले गेले. वाटणीनंतर प्रत्येकाच्या वाट्याला इतके लहान तुकडे आले की आमच्या वडिलांनी ते भावाला देऊन मुंबईचा रस्ता धरला. पण चौघे भाऊ सणाला एकत्र जेवत. येथील नहाला, आमची चाळीस दुनाम म्हणजे सुमारे दहा एकर, वाटता येत नाही. जमीन सरकारची, आपण पट्टेदार. आईबापांनी एकाच अपत्याला 'बेन मम्शीख', म्हणजे पुढे चालविणारा, म्हणून नेमावयाचे. मुलगीही चालते, पण एकच. सही झाली की ती मागे घेणे सोपे नसते. जमिनीचे तुकडे होऊ नयेत हा हेतू चांगलाच आहे, आणि कोकणात तुकड्यांचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. १९८५ नंतरच्या कर्जाच्या वर्षांत किती मोशावांचे कंबरडे मोडले, तेव्हाही ही जमीन एकसंध राहिली म्हणूनच आम्ही उभे राहिलो. तरी कागद समोर आला की हात चालत नाही.

थोरला अश्दोदला असतो. त्याला शेती नको, पण आपल्याला विचारले नाही असे होऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे. धाकटा द्राक्षे पाहतो. पहाटे चारला उठणारा तोच, आणि सगळा गाव त्यालाच वारस समजतो. मधली मुलगी बेर शेव्याला परिचारिका आहे. पण वालाचे बी राखून ठेवणारी, त्याची पेरणी करणारी, खुबेझाची कोवळी पाने कोणत्या बांधावर मिळतात ते जाणणारी तीच. तिने कधी काही मागितले नाही. मागच्या हानुकात मात्र शेंगा खुडताना तिने विचारले, "आई, हे तीन वाफे कागदात कोठे येतात?" आम्ही म्हणालो, "कोठेच येत नाहीत." ती "बरे" म्हणाली आणि खुडीत राहिली.

त्या रात्री तिघेही विस्तवाभोवती होते. थोरल्याने मडके ओढून बाहेर काढले, मुलीने पाणी शिंपडले, धाकट्याने पाला बाजूला सारला. वाफ वर आली आणि त्या वासाने काही वेळ सगळेच गप्प झाले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो. कागदाचा विषय काढावा असे दोघांच्याही मनात होते, पण काढला नाही. गरम शेंगा सोलताना बोटे भाजतात, तेव्हा बोलणे तसेही तुटक होते.

माझी मंडळी म्हणतात, धाकट्याला नेमावे आणि वाफ्यांचे वेगळे लिहून ठेवावे. आमच्या वकिलाचे म्हणणे, तसल्या लिहिण्याला काही अर्थ नाही, भावाबहिणीने समजुतीने घ्यावे. समजूत वकिलाकडून करून घेता आली असती तर किती बरे झाले असते! तूर्त कागद हब्दालाच्या डब्याखाली ठेवला आहे. वाल नेहमीसारखा पेरावयाचा आहे. बी मुलीकडे आहे, ठिबकाची नळी धाकटा बदलून देणार आहे. मागच्या वेळी मडके तडकले, म्हणून नवे हवे. तिघांपैकी ज्याची रामल्याकडे आधी फेरी होईल त्याने ते आणावे, आणि जाड बुडाचे पाहून आणावे, असे सांगून ठेवले आहे.