कुर्डुवाडी, पण कोणत्या सालची?

कोणी आपल्या मॉडेल रेल्वेचं काम दाखवायला आणलं की मी आधी एकच विचारतो: साल कोणतं? ठिकाण बहुतेकांनी ठरवलेलं असतं. भोर घाट, माथेरान, मिरज, पुणे. सालाचा विचार क्वचितच झालेला असतो. मग खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात विजेच्या तारांखाली इंजिन दिशा बदलताना दिसतं. विजेच्या तारा आल्या त्याच सुमारास घाटातला मार्ग बदलून ते स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं, त्यामुळे असं दृश्य तिथे रोज दिसायचं म्हणून दाखवणं चूक. कारागिरी कितीही सफाईदार असली तरी माझ्या लेखी ते खेळणंच राहतं. इंजिन, डबा, सिग्नल, पाटी, अगदी रुळांच्या कडेचं गवत, या प्रत्येकाला आपापला काळ असतो. हे सगळे काळ जिथे एकत्र येतात तेवढ्याच पट्टीत मॉडेल खरं ठरतं.

माझा बहुतेक अभ्यास बार्शी लाईट रेल्वेचा आहे, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी २१ मैल सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. १९०६ मध्ये एक फाटा पंढरपूरला पोहोचला, १९११ मध्ये दुसरं टोक लातूरला गेलं, आणि १९२७ मध्ये पंढरपूरची गाडी पुढे मिरजेपर्यंत धावू लागली. एकूण लांबी भरली ३२५ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या चार तारखा पाठ असल्या तरी निम्म्या चुका टळतात. १९००चं दृश्य करायचं असेल तर नॅरोगेजच्या फलाटावर पंढरपूरची गाडी उभी करता येत नाही. तेव्हाचा वारकरी इथे मोठ्या गाडीतून उतरून पुढची वाट बैलगाडीने नाहीतर पायीच धरायचा.

आता कुर्डुवाडी बघा. एका अंगाला मुंबई-मद्रास मार्गाची ब्रॉडगेज, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. दुसऱ्या अंगाला बार्शी लाईट. ५ नोव्हेंबर १९५१ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला मध्य रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाईट मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली आणि सरकारने ती १९५४ मध्ये घेतली. म्हणजे मधली दोन-अडीच वर्षं अशी होती, की एकाच स्टेशनात मोठी गाडी मध्य रेल्वेची आणि छोटी गाडी खासगी कंपनीची. डब्यांवरची अक्षरं, तिकिटांवरचं नाव, कर्मचाऱ्यांचे बिल्ले, सगळं त्यावरून ठरतं. मॉडेल करणाऱ्याला ही अरुंद फट फार मोलाची. १९५३ हे साल धरलं तर ब्रॉडगेजवर बुलेटसारख्या नाकाचं डब्ल्यूपी इंजिन शोभतं, कारण ते १९४७ पासून भारतात आलं होतं, आणि शेजारी कंपनीची जुनी इंजिनंही उभी राहू शकतात. तेच साल १९४० केलं की डब्ल्यूपी कपाटात ठेवावं लागतं.

गवताचं म्हणालो ते उगीच नाही. गाजरगवताशिवाय आज आपल्याकडच्या कुठल्याही रुळांची कड डोळ्यांसमोर येत नाही. पण हे गवत पुण्यात लक्षात आलं तेच १९५०च्या दशकाच्या मध्यावर, आणि महाराष्ट्रभर पसरलं त्यानंतर. १९५३च्या कुर्डुवाडीत पांढऱ्या फुलांची ती दाटी दाखवायची नाही. तिथे काळी माती, बाभूळ, कडुनिंब आणि काळ्या दगडाची खडी. बाहेरून येणाऱ्या तयार पुड्यांतली फिकट राखाडी खडी सोलापूर जिल्ह्यात परकी वाटते. त्याऐवजी आपल्या खाणीतली काळ्या दगडाची चुरी बारीक चाळणीने चाळून घ्यावी.

मापांकडे येतो, कारण खरी कसोटी तिथे लागते. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण १:८७. बार्शी लाईटच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात ९ मिलिमीटरचा ट्रॅक सहज मिळतो आणि फरक पाव मिलिमीटरही नाही. त्या बाबतीत बार्शीवाले नशीबवान. माथेरानचा दोन फुटी मार्ग याच प्रमाणात बरोबर ७ मिलिमीटर येतो आणि तोही ९वर बसवला की गाडी फताडी दिसते. ब्रॉडगेजची गोष्ट आणखी अवघड. आपली १६७६ मिलिमीटरची लाईन १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर व्हायला हवी. तयार मिळणारा १६.५ मिलिमीटरचा ट्रॅक मुळात युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठीचा. तोच वापरला तर प्रत्यक्षातले जवळजवळ साडेनऊ इंच हरवतात. एकटी ब्रॉडगेज असली तर डोळा फसतो. कुर्डुवाडीसारख्या जागी मात्र दोन्ही मार्ग शेजारी असल्यामुळे चूक लगेच उघडी पडते, कारण त्या स्टेशनाचं सारं वैशिष्ट्यच मोठ्या आणि छोट्या गाडीतल्या त्या तफावतीत आहे. म्हणून तिथे ब्रॉडगेजचा ट्रॅक हातानेच अंथरावा, एकेक स्लीपर मांडून. वेळ लागतो, पण पर्याय नाही.

रुळाची उंची तर बहुतेकांच्या गावीही नसते. कॅलथ्रॉपचं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ त्याला पुरला. अशा रुळाची उंची सुमारे तीन इंच. मॉडेलच्या बाजारात रुळाची उंची ‘कोड’ने सांगतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ९ मिलिमीटर ट्रॅकवर सर्रास येणारा कोड ८०चा रूळ १:८७ने मोठा करून पाहा, सात इंच भरतो. मेन लाईनच्या ९० पौंडी रुळाची उंचीही सहा इंचांच्या आत असते. म्हणजे देशातल्या एका हलक्या लाईनला आपण राजधानी मार्गापेक्षा दणकट रूळ घातले. कोड ४०चा रूळ साडेतीन इंचांना जातो, आणि तो घातला की गाडी जमिनीलगत, हलकी, बार्शीची दिसायला लागते.

त्याच पाच टनांच्या नियमातून पहिली इंजिनंही घडली. लीड्सच्या किटसन कारखान्याची ए वर्गाची ०-८-४ टँक इंजिनं. पुढे मोकळी चाकं नाहीत, मधे एकमेकांना जोडलेली आठ, मागे बोगीवर चार. वजन सारखं वाटण्यासाठी ही मांडणी. मालडब्यांच्या सांगाड्यांचं मापही एकच, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादाचे. हे एक माप हाती असलं की जुन्या फोटोतून बाकी मापं काढता येतात. कॅमेऱ्यासमोर सरळ आडवा उभा असलेला डबा शोधायचा, त्याची लांबी २५ फूट धरायची आणि त्याच रेषेत मागेपुढे असलेल्या खांबाची, फलाटाची, पाण्याच्या नळाची उंची ताडून घ्यायची. तिरप्या फोटोवरून हे करू नये. त्यात दूरची वस्तू आखूड पडते आणि चुकीचं माप एकदा कागदावर आलं की पुढे सगळे त्याचीच नक्कल करतात.

फोटोवर विश्वास ठेवायचा, पण रंगाच्या बाबतीत अजिबात नाही. कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनाचा अधिकृत फोटो काढताना त्याला मुद्दाम राखाडी रंग देत, म्हणजे बारकावे स्वच्छ उमटत. फोटो झाला की खरा रंग चढे. तो राखाडी रंग खरा समजून रंगवलेली मॉडेल मी पाहिली आहेत. दुसरी अडचण जुन्या काचेची. १९२०-३०च्या आधीच्या बहुतेक प्लेट तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार हळव्या. तांबडा बफर-बीम त्यांत काळाठिक्कर दिसतो आणि निळा डबा पांढुरका. तेव्हा काळ्यापांढऱ्या फोटोतल्या छटांवरून रंग ठरवू नका.

आराखडे तर फक्त इंजिन कसं बनवायचं ठरलं होतं एवढंच सांगतात. शेडमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर धुराडं बदललेलं असतं, तेलाचा दिवा जाऊन विजेचा आलेला असतो, कोळशाच्या पेटीवर जादा कठडा चढलेला असतो. एकाच वर्गातली दोन इंजिनं सारखी राहत नाहीत. म्हणून वर्गाचं मॉडेल करू नये, क्रमांकाचं करावं. ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’चा नॅरोगेजवरचा भाग या कामी आधाराला लागतो. त्यात वर्ग, कारखाना, सन आणि क्रमांक यांचा हिशेब सापडतो. एक मोह मात्र टाळायला हवा. कॅलथ्रॉपनेच आखलेली इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी लाईन १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्यावर तिथल्या हौशी मंडळींनी भरपूर मॉडेल केली, त्यामुळे तिचे आराखडे सहज मिळतात. तिची दोन इंजिनंही किटसनचीच. पण ती २-६-४ आहेत. बार्शीच्या इंजिनाचे न दिसणारे तपशील तिच्यावरून उचलले की आपण इंग्लंडचंच इंजिन बनवून बसतो.

वस्तूच मोजायला मिळाली तर उत्तमच. माथेरानचं ७४० क्रमांकाचं इंजिन, ओरेनस्टाईन अँड कोपेल या जर्मन कंपनीचं, इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या नॅरोगेज रेल्वेवर पोहोचलं. त्याची क्लीन-लिंडनर रचना अशी, की चौकटीत पक्क्या बसलेल्या आसावर दुसरा पोकळ आस असतो आणि तो चाकांसकट वळणावर थोडा सरकतो. विसाला एक चढाच्या त्या वळणांवर सहा जोडचाकांचं इंजिन कसं वळायचं, हे त्याच्याखाली वाकून पाहिल्यावर लख्ख कळतं.

आणि माणसं. जुन्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींना साल विचारलं तर ते बहुधा चुकीचं सांगतात. रंग विचारला तर ‘काळाच’ म्हणतात. त्याऐवजी विचारावं, ‘काका, ड्युटी सुरू करताना आधी काय पुसायचात?’ मग हात हवेत फिरायला लागतो. पितळी पट्टी कुठून कुठे होती, डोमवर रंग होता की नुसती चकाकी, फावडं कुठल्या बाजूला लटकायचं, कुठल्या पायरीवर पाय घसरायचा. शरीराला लागलेली सवय आठवणीपेक्षा पक्की असते. त्या हालचालीचाच मी कागदावर नकाशा काढतो.

ही नॅरोगेज या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत उखडली गेली आणि तिच्यावर काम केलेली पिढीही आता फार उरलेली नाही. म्हणून बार्शी, कुर्डुवाडी, येडशी, लातूर, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज इथल्या वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाचा, वारीहून परतलेल्या आजीचा, स्टेशनमास्तर मामांचा फलाटावरचा फोटो असेल, तर तो टाकू नका. माणसांच्या मागे काय दिसतंय ते नीट पाहा. कोपऱ्यातली अर्धी पाटी किंवा डब्याची एक कडही आम्हाला पुरते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने गाव, माणसांची नावं आणि ठाऊक असेल तर साल लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उमटते.