अब्बांची बंद गाडी

माझे अब्बा गेली चाळीस वर्षे सायकलवरून बेकरीचा माल विकतात. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर सुतळी. पहाटे फजरची नमाज झाली की बेकरीतून माल उचलायचा आणि मिरजेच्या गल्ल्या करत मालगावपर्यंत जायचं. याच डब्यांवर आम्ही तीन भावंडं शिकलो. मी बी.एड. झालो, उर्दू माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवू लागलो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गाच्या खिडकीतून अब्बांची घंटी ऐकू आली. एक मुलगा म्हणाला, "सर, आपके अब्बा!" मी काही न बोलता फळ्याकडे वळलो आणि लिहीत राहिलो. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, पाठ फिरवल्याचं तेवढं आठवतं.

मागच्या पावसाळ्यात अब्बा सायकलसह घसरून पडले. गुडघा सुजला, दोन्ही डब्यांत पाणी शिरलं, माल गेला. मी म्हणालो, "अब्बा, अब बस करो. मैं कमाता ना."

"पड्या हुआ लोहा गंजता, बेटा," ते एवढंच बोलले.

मग मीच ठरवलं, सायकलच्या मागे जोडायची एक बंद गाडी घरी बनवायची. वजन सायकलवरून उतरेल आणि माल कोरडा राहील. मोटारसायकलला जोडावी असंही मनात आलं होतं. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि अब्बांना मोटारसायकल येत नाही. म्हणून सायकलच बरी.

यापूर्वी मी खुर्चीचा पायसुद्धा ठोकला नव्हता. वहीत आकृती काढली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एक इंची अँगलची चौकट कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेतली. भंगारातून लहान मुलांच्या सायकलीची वीस इंची दोन चाकं आणली. ती एकाच बाजूने चौकटीला लावली आणि विटा ठेवल्याबरोबर एक्सल वाकला. सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरायचं असतं, हे रोज सायकल बघूनही मला दिसलं नव्हतं. बाहेरून आणखी एक अँगल घेतला, तेव्हा चाकं सरळ उभी राहिली.

आमच्या शेजारी सतारी बनवणारे एक चाचा राहतात. ते संध्याकाळी येऊन बघायचे आणि म्हणायचे, "मास्टर, घाई नको. माप दोनदा, करवत एकदा."

पत्रा रिव्हेटने बसवला. सांधे सिलिकॉनने भरले, दाराला रबराची पट्टी लावली. आत विटा भरून सायकलला जोडली तर पुढची दांडी वर उचलायला लागली आणि सायकल मागून डुलायला लागली. अब्बा ओट्यावर चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "वजन पिछे हुआ रे. आगे लेव थोड़ा."

मर्कज-ए-सिक्ल! मराठीत गुरुत्वमध्य. दरवर्षी मी तो मुलांना शिकवतो. वजन चाकांच्या किंचित पुढे हवं, साधारण दहावा हिस्सा दांडीवर यावा. चाळीस किलो असेल तर चार किलो. चाकं चार इंच मागे सरकवली, तेव्हा गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

मग वरून चार बादल्या पाणी ओतलं. आत एक थेंब नाही! मी खूश. अब्बांनी दार उघडून आत हात फिरवला आणि म्हणाले, "हवा किदरसे जाती?" मी म्हणालो, "अब्बा, हवा जाएगी तो पानी भी आएगा." ते पुढे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेकरीतला ताजा माल भरून गेले. दुपारी परत आले ते निम्मा माल घेऊन. खारी सादळली होती. आतल्या पत्र्यावर थेंब जमले होते. गरम मालाची वाफ बंद पेटीत अडकली, थंड पत्र्याला लागली आणि तिचं पाणी झालं. तबखीर आणि तकसीफ, माझे दोन्ही आवडते धडे. बाहेरचं पाणी मी अडवलं होतं, आतलं पाणी मीच तयार केलं होतं.

अब्बा रागावले नाहीत. "मैं बोल्या था ना," असंही म्हणाले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

पुढच्या बाजूला खाली आणि मागच्या बाजूला वर भोकं पाडली, त्यांना जाळी लावली, वर पत्र्याची झाप ठेवली. माल पूर्ण निवल्याशिवाय भरायचा नाही, हे अब्बांनी ठरवलं. त्यानंतर खारी कुरकुरीत राहिली. बी.एड.ला आम्ही पाठ केलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. पाठटाचणात ते कितीदा लिहिलं असेल! पण घरात जे ज्ञात होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

सगळंच जमलं असं नाही. गाडी रिकामीच तीस किलोंच्या घरात गेली. उतारावर ती सायकलला ढकलते, ब्रेक पुरत नाही. म्हणून अब्बा तिथे उतरून चालतात. गुडघा अजून दुखतो. त्यांनी थांबावं की नाही, हा प्रश्नही मी सोडवू शकलो नाही.

परवा घंटी ऐकू आली तेव्हा आठवीच्या मुलांना घेऊन मी फाटकाबाहेर आलो. अब्बांना थांबवलं. विटांऐवजी टोस्टची पाकिटं पुढे-मागे सरकवत त्यांनीच मुलांना दाखवलं, दांडी केव्हा उचलते आणि केव्हा बसते. एका मुलाने विचारलं, "सर, ये गाडी किसने बनाई?"

अब्बांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्यांच्याकडे.