एका बांकावरचे दोघे

रामायणाचा पाठ शिकवितांना दंडकारण्याचें नांव आलें, म्हणजे ‘मुलांनो, तें अरण्य आपल्याच पायांखालीं आहे’ असें मी सांगत असें. तेव्हां माझी नोकरी गडचिरोली जिल्ह्यांत होती. नागपुरास मी मागाहून आलों. 1980 च्या सुमारास आंध्रांतून आलेल्या नक्षलवाद्यांनींही आपल्या मुलखास तेंच नांव दिलें आणि पुढें कित्येक गांवीं ‘जनताना सरकार’ मांडलें.

त्यांचें येणें निष्कारण नव्हतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. तेंदूपानें तोडणाऱ्या माडिया बाईस शेकडा पुड्यांमागें मिळणारी मजुरी लाजिरवाणी असे. सरपणाच्या मोळीसाठीं वनरक्षकास कोंबडी द्यावी लागे. दलमवाल्यांनीं मजुरी वाढवून घेतली, म्हणून लोकांनीं त्यांस जेवूं घातलें. पण न्याय मिळवून देणारा हळूहळू स्वतःच फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी झाला. रात्रीं एखाद्यास ‘खबऱ्या’ ठरवावें आणि पहांटे रस्त्यावर त्याचें प्रेत सांपडावें. मरणारे बहुशः आदिवासीच. त्या गांवांतून शेजारी शेजाऱ्याशीं अजून जपून बोलतो.

कंबोडियांत अशाच मताच्या मंडळींस 1975 पासून 1979 पर्यंत सबंध देश मिळाला. सर्वांनीं शेतकरीच व्हावें म्हणून त्यांनीं शहरें रिकामीं केलीं, शिकलेल्यांस वेंचून मारलें; एकंदर 17 ते 20 लाख माणसें गेलीं. राजधानींतील एका शाळेचा तुरुंग झाला. आणि त्या सत्तेचा प्रमुख पोल पॉट पूर्वीं शिक्षक होता! हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

माझ्या वर्गांत एका बांकावर बसणारे दोन मुलगे होते. एक दलमांत गेला, दुसरा पोलिसांत. दुसरा नागपुरास आला कीं घरीं येतो. आमच्याकडे त्याच्यासाठीं मुद्दाम पुरण घालतात. 2019 च्या महाराष्ट्रदिनीं जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटांत 15 पोलीस गेले, त्यानंतर तो आला तो न जेवतांच परतला. सुरुंग कोणीं पेरला, हें मीं विचारलें नाहीं.

मेंढा-लेखा गांवानें मात्र एकही गोळी न झाडतां 2009 सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. बांबू आतां ग्रामसभा विकते.

15 ऑक्टोबर 2025 रोजीं भूपती या नांवानें वावरणाऱ्या ज्येष्ठ नेत्यानें सुमारें 60 साथीदारांसह गडचिरोलीस शस्त्रें खालीं ठेविलीं. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांतील छायाचित्र मी भिंग घेऊन पाहत होतों. पस्तीस वर्षांपूर्वींचा चेहरा त्यांत कसा ओळखूं येणार? तेवढ्यांत दुसऱ्याचा दूरध्वनी आला.

“त्यांत तो नाहीं, सर,” तो म्हणाला.

मीं कांहींच विचारलें नव्हतें.